ऐपत नसल्याचा पुरावा

आपली ऐपत नाही ही गोष्ट माणसाला आतून ठाऊकच असते, पण ती कधी चारचौघांत सिद्ध करून दाखवावी लागेल असं डॉक्टरांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. उलट आयुष्यभर त्यांनी त्या बाबतीत झाकली मूठ ठेवली होती. शर्टाला कडक इस्त्री, बुटांना रोजच्या रोज पॉलिश, आणि महिनाअखेरीला फळवाल्यापुढून जाताना अतिशय घाईत असल्याचा चेहरा. त्या चेहऱ्यावर त्यांनी बरीच मेहनत घेतली होती.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकलेली बरी. डॉक्टर हे डॉक्टर नव्हते. चौकातल्या मोठ्या चष्म्याच्या दुकानात, आतल्या खोलीत बसून ते काचा घासत आणि फ्रेममध्ये बसवत. त्या खोलीत धूळ चालत नाही म्हणून मालकांनी पांढरा कोट दिला होता, आणि तो धुवायला म्हणून हातावर टाकून ते घरी येत. या इमारतीत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात जिन्यात कुणीतरी "काय डॉक्टर, आज उशीर?" म्हणून विचारलं. डॉक्टरांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, दम लागलेला होता, आणि जिन्याचं वळण ही काही खुलासा करण्याची जागा नव्हे. पुढच्या वेळी सांगू म्हणाले. पुढच्या वेळी पिशव्या नव्हत्या, पण हाक ऐकायला बरी वाटली. वेळेवर न केलेला खुलासा आणि वेळेवर न काढलेला दात, दोन्ही पुढे जास्त दुखतात. पण हे कळेपर्यंत मुलगी कॉलेजच्या वयाची झाली होती.

मुलगी हुशार निघाली, हा या घरावरचा देवाचा प्रसाद. तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं, ही त्या प्रसादाबरोबर आलेली परीक्षा. खिडकीच्या कट्ट्यावर तिने लहानपणापासून दगड मांडले होते आणि त्यांची नावं ती नातेवाइकांसारखी घेई. गावातल्याच मोठ्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. महिनाअखेरपर्यंत फी भरा, नाहीतर सवलत मंजूर करून आणा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला, असं कॉलेजने कळवलं. फीचा आकडा डॉक्टरांनी चष्मा लावून वाचला, काढून वाचला, काच पुसून वाचला. तिन्ही वेळा तो तेवढाच होता.

त्या दिवसापासून डॉक्टरांची झोप उडाली. रात्री उठून ते कट्ट्यावरचे दगड मोजत.

पहिला उपाय सुचवला तळमजल्यावरच्या मॅनेजरकाकांनी. हे निवृत्त बँक मॅनेजर. ते खरोखरीचे मॅनेजर होते, त्यामुळे त्यांना त्या हाकेचं काही अप्रूप नव्हतं. मुलीच्या शिक्षणाचं म्हटल्यावर ते लगेच टोपी घालून निघाले आणि डॉक्टरांना जुन्या बँकेत घेऊन गेले. तिथे त्यांनी ओळख करून दिली, "हे आमच्या इमारतीतले डॉक्टर." झालं. कर्ज देणारे साहेब खुर्चीतून उठले, शेकहँड केला, आणि आपल्या गुडघ्याची सगळी कहाणी सांगितली. डॉक्टरांनी चिंताग्रस्त मुद्रेने ऐकून घेतलं आणि जिना जपून चढा म्हणाले, जे कुणीही म्हणालं असतं. बाहेर पडले तेव्हा त्यांच्या हातात दवाखाना थाटण्यासाठी मिळणाऱ्या कर्जाचं गुळगुळीत पत्रक होतं. शिक्षणाचा विषयच निघाला नव्हता. काका वाटेत म्हणाले, व्याज जरा चढं आहे, पण तुमच्या धंद्यात निघून जातं.

दुसरा उपाय शिष्यवृत्तीचा. एका न्यासाची शिष्यवृत्ती मुलीच्या गुणांना अगदी चपखल बसत होती, फक्त वडील हयात नसल्यास प्राधान्य होतं. डॉक्टरांनी ती अट पुन्हा पुन्हा वाचली. आपण उगाच हयात आहोत असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं, आणि बायकोकडे पाहिलं तर तीही विचारात पडलेली. ती खरं तर दुधाचा विचार करत होती, पण हे तिने नंतर सांगितलं.

अखेर मार्ग शोधला तो मुलीनेच. ती घरातच राहील, पुस्तकं ग्रंथालयातून आणील. कॉलेजच्या दगडांच्या संग्रहात विद्यार्थ्यांना थोडं काम मिळतं, ते करील. आणि कॉलेजात एक मदत कक्ष आहे, तिथे कमी उत्पन्नाच्या घरांना फीत सवलत देतात. उत्पन्नाचा दाखला जोडायचा, मग त्यांच्या बाई घरी येऊन पाहणी करतात, आणि समितीपुढे जातं. हे सगळं ती इतक्या शांतपणे सांगत होती, की डॉक्टरांना तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची जरा लाज. कमी उत्पन्नाचं घर. हे शब्द आपल्या घरात मोठ्याने उच्चारले गेलेले त्यांनी प्रथमच ऐकले.

दाखल्यासाठी कचेरीत गेले, तर कारकुनाने आधी अर्जाकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या इस्त्रीकडे पाहिलं, आणि एवढ्या पगारात अशी घडी कशी पडते याचा पुरावा आणा म्हणाला. देवापुढे खोटं टिकत नाही आणि कारकुनापुढे खरं. दुकानात फ्रेमा विकणारा एक सहकारी होता. त्याला जगातल्या सगळ्या कामांची मागची वाट ठाऊक असे. तो म्हणाला, तुमचं चुकतं कुठे सांगू का, तुम्ही गरीब आहात पण तसे दिसत नाही. मळका शर्ट घालून जा.

डॉक्टरांकडे मळका शर्ट नव्हता. एक जुना होता, तो त्यांनी उशाखाली घेऊन चुरगाळला. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या दारावरचा रखवालदार त्यांना पाहताच म्हणाला, नळवाले ना, किती दिवस वाट बघायची तुमची, मागच्या दाराने या. इथे एखाद्याने ठणकावून सांगितलं असतं. पण खुलासा करणं हा डॉक्टरांचा प्रांत नव्हे हे आपण पाहिलंच आहे. शिवाय नळ खरोखरच फार गळत होता. त्यांनी पाना मागवून तो आवळला. अंगभर पाणी उडालं. टपटप थांबल्यावर त्याच कारकुनाने समाधानाचा श्वास सोडला आणि मान वर न करताच डॉक्टरांनी पुढे केलेल्या दाखल्यावर सही केली. डॉक्टर ओलेचिंब होऊन बाहेर पडले. हातात दाखला होता, पण तो आपल्याला मिळाला की नळवाल्याला, हा सल त्यांच्या मनात राहिला तो राहिलाच.

आता उरली बाईंची पाहणी. शनिवारी सकाळी येणार, असं कळलं.

इमारतीत मात्र डॉक्टरांनी सांगितलं की कॉलेजातून एक मोठ्या बाई मुलीची चौकशी करायला येणार आहेत. यात खोटा शब्द एकही नव्हता. फक्त कसली चौकशी ते सांगायचं राहून गेलं.

सहकाऱ्याने पुढचा सल्ला दिला. घर रिकामं करा. फ्रीज, टीव्ही, सोफा दिसला की सवलत गेलीच समजा. डॉक्टरांचा सोफा तीन पायांवर आणि एका विटेवर उभा होता, पण वीट मागच्या बाजूला असल्याने पाहणाऱ्याचा गैरसमज होण्यासारखा होता. शुक्रवारी संध्याकाळी बायको प्रार्थनेच्या बैठकीला आणि मुलगी ग्रंथालयात गेली. ही संधी साधून डॉक्टर मॅनेजरकाकांकडे गेले आणि म्हणाले, घराला रंग काढायचा विचार आहे, दोन दिवस सामान तुमच्याकडे ठेवू का?

काका आनंदाने हो म्हणाले. शेजाऱ्याच्या घराला रंग लागतोय याचा त्यांना मनापासून आनंद झाला. हमाल आणून सामान खाली नेलं. फ्रीजच्या मागे गेल्या कित्येक वर्षांत हरवलेले चमचे सापडले, तेवढंच समाधान. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी, ज्यांना सगळी इमारत वरच्या मावशी म्हणते, वाकून विचारलं की कुठला रंग देताय. डॉक्टर घाबरून पिस्ता म्हणाले. मावशी म्हणाल्या, पिस्ता नको, अंधार वाटतो. पुढची दहा मिनिटं डॉक्टरांना न लागणाऱ्या रंगावर चर्चा करावी लागली आणि शेवटी फिकट पिवळ्यावर एकमत झालं.

बायको परत आली, रिकाम्या खोलीकडे पाहिलं आणि खाली बसली. ती कधी आवाज चढवत नसे. त्यामुळे तिच्यापुढे डॉक्टरांची जास्तच पंचाईत होई. आरडाओरडा करणाऱ्या माणसापुढे निदान त्याच्या आवाजावर तरी बोट ठेवता येतं.

"ज्याच्यापुढे मी रोज सकाळी डोळे मिटून बसते," ती म्हणाली, "त्याने काल फ्रीज पाहिलाय. आज कुठे गेला म्हणून सांगू त्याला?"

डॉक्टर म्हणाले की हे त्याच्यासाठी नाही, समितीसाठी आहे. ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही.

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिने चप्पल काढली, भिंतीवर फ्रीजमागे राहिलेल्या काळ्या चौकोनाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, आपल्याकडे जेवढं आहे तेवढंच दाखवू ना. तेवढं पुरेसं कमी आहे."

 सकाळी उठल्याबरोबर सगळं परत वर आणायचं, असं ठरलं.

सकाळी डॉक्टर हमालाला घेऊन खाली गेले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बायकोचं रोजचं मौन असे. उठल्यापासून नेमाचं वाचन आणि प्रार्थना संपेपर्यंत ती एक अक्षर बोलत नसे. ताप असो, पाहुणे असोत, एकदा तर स्वयंपाकघरात पडदा पेटला तेव्हाही तिने टाळ्या वाजवून सगळ्यांना उठवलं होतं. मुलगी दाखल्याच्या प्रती काढायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. म्हणजे घरात एकटी बायको, आणि ती मौनात.

खाली मॅनेजरकाकांनी सामान परत द्यायला साफ नकार दिला. रंग झाला का? नाही. मग घाई कसली? ओल्या रंगाचा वास फ्रीजमध्ये शिरला की सहा महिने पाणी रंगासारखं लागतं. डॉक्टर म्हणाले, रंगाचा बेत रद्द केला. काका म्हणाले, पैशाची अडचण असेल तर सांगा, आणि डॉक्टर झटकन म्हणाले, छे छे, पैशाची कसली अडचण. मग काकांनी चहा ठेवला. हमाल दारात उभा राहून ताटकळला आणि त्यालाही चहा मिळाला.

एवढ्यात जिन्यात धडधड ऐकू यायला लागली. जड काहीतरी वर चाललं होतं. काकांची हातावाली मोठी खुर्ची बैठकीतून गायब असल्याचं डॉक्टरांच्या तेव्हाच लक्षात आलं. त्यांनी विचारलं. काका मंद हसले.

झालं होतं असं. रिकामं घर, आणि त्यात कॉलेजातल्या मोठ्या बाई येणार, ही बातमी वरच्या मावशींनी रात्रीच इमारतभर केली होती. या इमारतीची जुनी रीत अशी, की कुणाकडे मोठा पाहुणा आला की ज्याच्याकडे जे बरं असेल ते त्याच्या घरी जायचं. कपबशांचा एक नक्षीचा संच तर इतका फिरला होता की तो मुळात कुणाचा हे कुणालाच सांगता आलं नसतं. डॉक्टरांच्या मुलीची चौकशी, आणि बसायला सतरंजीही नाही? इमारतीची अब्रू ती काय राहिली?

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. ते उठले, तोच दारात एक बाई उभ्या. हातात फाइल, खांद्याला पिशवी, नाकावर डावीकडे कललेला चष्मा. त्यांनी कागदावरचं नाव वाचून हे गृहस्थ कुठे राहतात म्हणून विचारलं.

काकांनी ते नाव बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. ते क्षणभर थबकले, मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपले डॉक्टरसाहेब. हे काय, इथेच बसलेत चहा घेत."

बाईंनी फाइलकडे पाहिलं. फाइलमध्ये 'दुकानात नोकरी' असं लिहिलेलं होतं. "आपण डॉक्टर?"

"म्हणजे तसं म्हणतात," डॉक्टर म्हणाले.

जिना चढताना काका मागून येत होते आणि रंगकामाची माहिती देत होते. फिकट पिवळा.  डॉक्टरांना बाईंचा तो कललेला चष्मा दिसत होता. डावी दांडी नुसती जराशी वाकवली की सरळ झाला असता. बोटं शिवशिवत होती, पण तो सरळ करून दिला तर लाच ठरेल की काय, या भीतीने त्यांनी हात खिशात घातले.

घराचं दार उघडंच होतं, आणि आत डॉक्टरांचं घर नव्हतं.

जमिनीवर जाड गालिचा. मध्ये काकांची खुर्ची, सिंहासनासारखी. कोपऱ्यात पितळी दांड्याचा दिवा, भिंतीपाशी दुसऱ्या मजल्यावरचा भलाथोरला टीव्ही, खिडकीला वेलबुट्टीचे पडदे. मधोमध बायको उभी, डोळे भरून आलेले, आणि दोन्ही हात जोराजोरात हलवतेय. ती मघापासून हेच करत होती. नको नको म्हणून हात हलवले, की शेजारी ते सामान जरा डावीकडे सरकवत. पुन्हा हलवले, की उजवीकडे. पडदे तर तिने डोक्याला हात लावला म्हणून लावले गेले होते.

बाई खुर्चीत बसल्या, फाइल उघडली आणि बायकोला घरखर्चाबद्दल विचारलं. बायकोने छताकडे बोट दाखवलं, मग ते ओठांवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, तिचं मौन आहे. मी येणार हे माहीत असून? बाईंनी विचारलं. रोजच असतं, डॉक्टर म्हणाले, आणि खरं बोलतानाही माणूस किती खोटा दिसू शकतो याचा त्यांना अनुभव आला. फ्रीज आहे का? आहे. कुठे? तळमजल्यावर. तिथे का? रंगकामासाठी. म्हणजे रंगकाम आहे? नाही. बाई लिहीत होत्या आणि प्रत्येक उत्तराला त्यांचा चष्मा थोडा थोडा खाली घसरत होता.

इतक्यात वरच्या मावशी नक्षीच्या कपांतून चहा घेऊन आल्या. बाईंना चार चांगले शब्द सांगायचं त्यांनी मनाशी ठरवलंच होतं. त्या म्हणाल्या की अशी माणसं शोधून सापडायची नाहीत, घरात कशाला कमी नाही, आणि डॉक्टरांनी आजवर कुणापुढे हात पसरलेला इमारतीने पाहिलेला नाही. हे शेवटचं अगदी खरं होतं. मावशींच्या मनात काही वाईट नव्हतं. चांगुलपणाने माणसाचा घात होतो तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची?

बाईंनी फाइल मिटली. त्या रागावल्या नव्हत्या. नुसत्या थकल्यासारख्या दिसत होत्या.

"माहिती खोटी आढळली तर अर्ज रद्द होतो," त्या म्हणाल्या. "आणि मग त्या मुलाला पुढे कधीच अर्ज करता येत नाही. हे तुम्हाला ठाऊक असेल."

मुलगी त्याच वेळी दाखल्याच्या प्रती घेऊन दारात आली होती. तिने गालिचा पाहिला, पडदे पाहिले, मिटलेली फाइल पाहिली.  तिने वडिलांकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे. पडद्यांसाठी कुणीतरी तिचे दगड कट्ट्यावरून काढून एका बादलीत टाकले होते.

ती बादली पाहिल्यावर डॉक्टरांच्या आत काय झालं ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. त्यांनी खिशातून हात काढले.

"बाई, मी डॉक्टर नाही," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "कधीच नव्हतो. मी चष्म्याच्या काचा घासतो. हा गालिचा माझा नाही, ही खुर्ची माझी नाही, ज्या कपातून तुम्ही चहा घेतलात तोही माझा नाही. रंग काढायला माझ्याकडे पैसे नाहीत. मुलीच्या फीलाही नाहीत. हे कुणाला कळू नये म्हणून मी फार खटपट केली, आणि ती मात्र फार चांगली जमली. अर्जात लिहिलंय तेवढं सगळं खरं आहे."

 जिन्यात उभे असलेले शेजारी आत डोकावत होते. आता या इमारतीत तोंड दाखवायची सोय नाही, असं डॉक्टरांना वाटलं. दुसरी जागा घ्यायचा विचारही येऊन गेला, पण तिला पागडी द्यावी लागली असती.

"ते ठाऊक आहे हो आम्हाला," वरच्या मावशी म्हणाल्या. "माझा चष्मा तुम्हीच नाही का बसवून दिलात? इमारतीतल्या सगळ्यांचेच दिलेत."

"मग डॉक्टर का म्हणता?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशी जरा लाजल्या. "डॉक्टर म्हटलं की तुम्ही काच जास्त मन लावून घासता."

मॅनेजरकाकांना मात्र हे ठाऊक नव्हतं. त्यांना चष्माच नव्हता. बँकेतल्या साहेबांच्या गुडघ्याचं आता कसं, एवढंच ते पुटपुटले. पण मग त्यांनीच पुढे होऊन दिव्याचा दांडा उचलला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. एकेक जण आत आला आणि आपापलं घेऊन गेला. टीव्ही गेला, पडदे गेले, गालिचा गुंडाळून गेला, आणि गालिच्यासाठी बाईंना उठावं लागलं तेव्हा खुर्चीही गेली. कपांपाशी थोडा घोळ झाला, कारण ते कुणाचे हे ठरेना. ते शेवटी मावशींनी नेले. मुलीने बादलीतले दगड एकेक काढून पुन्हा कट्ट्यावर मांडले.

खोली रिकामी झाली. भिंतीवर फ्रीजमागचा काळा चौकोन तेवढा होता. बायकोचे ओठ हलायचे थांबले, प्रार्थना संपली होती. तिने पदराने डोळे टिपले आणि दिवसाचं पहिलं वाक्य बोलली.

"अहो, आता यांना बसायला काहीच राहिलं नाही."

मुलीने आतून पत्र्याची पेटी ओढून आणली आणि बाई तिच्यावर बसल्या. त्यांनी फाइल पुन्हा उघडली आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले. या वेळी उत्तरं बायकोने दिली, हळू आवाजात, काही न लपवता. किती दूध लागतं, औषधाला काय जातं, मागच्या हिवाळ्यात कुणाला स्वेटर घेतला नाही. डॉक्टरांना एकेक उत्तर अंगावरून सुरी फिरल्यासारखं लागत होतं, आणि तरी एकही उत्तर त्यांनी मध्येच तोडलं नाही. जाताना बाई म्हणाल्या, मी काही आश्वासन देत नाही, निर्णय समितीचा असतो. मग दारात थांबून म्हणाल्या की आजवर गरिबी दाखवायला सामान लपवणारी घरं त्यांनी पुष्कळ पाहिली, पण सामान उसनं आणणारं हे पहिलंच.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नये. जिन्यात पावलं वाजली की डॉक्टरांना पोस्टमन आल्याचा भास होई. दुकानात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बायकोने मौन तासभर वाढवलं, म्हणजे घरात बोलायलाही कुणी उरलं नाही. मुलगी वरवर शांत होती, पण कट्ट्यावरचे दगड ती सारखे पुसत असे, आणि दगडांना तशी गरज नव्हती.

महिना संपायच्या आत कळलं. अर्धी फी माफ. उरलेल्यातलं काही संग्रहातल्या कामातून फिटणार होतं, आणि बाकीच्यासाठी छोटं शैक्षणिक कर्ज, ज्याला मॅनेजरकाका जामीन राहिले. या वेळी बँकेत त्यांनी डॉक्टरांची ओळख फक्त नावाने करून दिली, आणि ते नाव त्यांना दोनदा आठवावं लागलं. पत्रात शेवटी एक अट होती. सवलत दर वर्षी तपासली जाईल आणि घराचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं तर बंद होईल. डॉक्टरांनी ती वाचली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या पगाराचा भरवसा वाटला. तो मर्यादेच्या जेमतेम खाली होता आणि कैक वर्षं तसूभर हललेला नव्हता. मालकांचा स्वभावच तसा.

पण मॅनेजरकाकांच्या मनाला ते पत्र्याच्या पेटीचं फार लागलं होतं. कुणालाही न सांगता ते एका दुपारी टोपी घालून चष्म्याच्या दुकानात गेले आणि मालकांपुढे बसून तासभर बोलले. काय बोलले कोण जाणे. बँकेत माणसांना कर्ज नाकारण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे माणसाचं मन कुठे हलतं हे त्यांना नेमकं ठाऊक असणार.

संध्याकाळी मालकांनी डॉक्टरांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. त्यांचे डोळे ओलसर होते. ते म्हणाले की आपल्या हाताखालच्या माणसावर काय वेळ आली होती हे आपल्याला बाहेरच्याकडून कळावं, याचं फार वाईट वाटलं. आणि पुढच्या महिन्यापासून पगार वाढवलाय. वाढ सांगितली. ती अर्ध्या फीच्या जवळपासही जात नव्हती, पण मर्यादेच्या बरोबर पलीकडे जात होती.

डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे पेटीवर बसलेल्या बाई आल्या, बादली आली, मुलीचा चेहरा आला. खुलासा करायची वेळ पुन्हा आली होती, आणि या वेळी त्यांनी जिन्याचं वळण शोधलं नाही. त्यांनी मालकांपुढे हात जोडले आणि म्हणाले, साहेब, उपकार झाले, पण कृपा करा, मुलीचं शिक्षण होईपर्यंत एवढं थांबा.

मालकांनी डोळे पुसले. इतक्या चटकन त्यांनी कुणाची विनंती मान्य केल्याचं त्या दुकानात कुणालाच आठवत नाही.